करंजाखाली सोडलेले जीव

चंदनबाला मगदूम यांना आष्ट्याच्या मळेभागात सगळे आक्का म्हणतात, आणि आक्कांना जो ओळखतो तो त्यांची डबीही ओळखतो. पत्र्याची, झाकणाला बारीक भोकं पाडलेली, कधीकाळी हिंगाची असावी अशी डबी. सकाळी देवदर्शन झालं, चहा झाला, की आक्का ओसरीच्या पायरीवर बसायच्या. त्यांचा कुत्रा बिस्कूट आपण होऊन यायचा आणि त्यांच्या मांडीवर डोकं टाकायचा. मग चष्मा नाकावर सरकवून आक्का त्याचे कान उलटे करायच्या, बोटांच्या बेचक्या बघायच्या, आणि गोचीड दिसला की चिमटीत धरून अलगद, त्याचा पाय मोडू नये अशा बेतानं, डबीत टाकायच्या. डबीत चिमूटभर कोंडा असायचा. गोचीड रक्त पितो, कोंडा खात नाही, हे त्यांना चारचौघांनी सांगून झालं होतं. "खाऊ दे न्हाईतर नको. पावण्याम्होरं ताट तर ठेवाय पायजे," असं त्यांचं म्हणणं.

डबी भरली की त्या पाटाच्या पलीकडं, मळ्याच्या पार टोकाला असलेल्या करंजाखाली जायच्या, गवतात डबी झटकायच्या आणि माघारी वळायच्या. करंजामागच्या बांधापलीकडं शेजाऱ्यांचा कुत्रा बांधलेला असायचा. तो आक्कांना बघून शेपूट हलवायचा, आक्का त्याला पदराखालचा भाकरीचा तुकडा टाकायच्या. असा रोजचा परिपाठ.

बाकीचे लोक गोचीड दगडानं ठेचतात नाहीतर रॉकेलच्या वाटीत बुडवतात. आक्कांचा नियम होता. त्यांचे यजमान सुकुमारअण्णा गेले त्या वर्षी गावात महाराजांचा चातुर्मास होता. महाराजांपुढं हात जोडून आक्कांनी नियम घेतला, की जाणूनबुजून, स्वतःच्या हातानं एकही जीव मारणार नाही. आता ऊस लावणाऱ्याच्या घरात असा नियम पाळायचा म्हणजे तारेवरची कसरत. हुमणी पडली, मावा पडला, की औषध मारणं आलं. ते वाटेकरी बघायचा आणि आक्का त्या दिवशी रानाकडं पाठ करून बसायच्या. एवढी पळवाट कुणालाही माफ असावी. पण कुत्र्याच्या गोचिडाला वाटेकरी नव्हता. तिथं हात त्यांचाच होता, म्हणून त्यांनी तो हात जपला.

बिस्कूट खरं तर त्यांचा नव्हे. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, नाव अतिशय. लॉकडाऊनमध्ये त्यानं मुलीच्या हट्टापायी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. फ्लॅटमध्ये ते मावेना, तेव्हा 'आई, महिनाभर सांभाळ' म्हणून इकडं आणून सोडलं. तो महिना अजून संपलेला नाही. नातीनं ठेवलेलं बिस्किट हे नाव मळ्यात येऊन बिस्कूट झालं. दूधभाकरी खायला शिकला, आणि दिवस मावळल्यावर आक्का अन्नाला शिवत नाहीत म्हणून त्यालाही शिवायला मिळेना. आधी कुरकुरला, मग निमूट जैन झाला. अण्णा गेल्यावर त्या घरात दिवसदिवस आवाज नसायचा, चुलीवरचं आधण तेवढं बोलायचं. हा आल्यापासून आक्का पुन्हा बोलायला लागल्या, रागवायला लागल्या, हसायलासुद्धा लागल्या. त्यांचा त्याच्यावर जीव होता, तो किती ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आष्ट्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा गोळी दिली होती. भाकरीतून चारायची, मग गोचीड चावला की मरतो. आक्कांनी विचार केला, मी मारलं काय आणि गोळीनं मारलं काय, गोळी चारणारा हात माझाच. हिशोब चोख होता. गोळी कपाटात गेली आणि डबी चालू राहिली.

साखर कारखान्यांची धुराडी पेटून थोडेच दिवस झाले होते. त्या सकाळी बिस्कूट पायरीवर आला नाही. आक्कांनी हाका मारल्या, भाकरीचं ताट वाजवलं, मग शोधत मागं गेल्या, तर तो पाण्याच्या हौदाला टेकून पडलेला. आदले दोन दिवस जरा मलूल होता, पण थंडी पडली म्हणून असेल असं त्यांनी मनाला समजावलं होतं. आता त्यानं डोळे वर केले, शेपटीचं टोक तेवढं हललं. शेजारी लघवी झाली होती, कोऱ्या चहासारखी काळपट. आक्कांनी त्याचा ओठ उचलला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्याफटक. 

डॉक्टर मोटारसायकलवरून आले, त्यांनी हिरडी दाबून बघितली, छातीला नळी लावली आणि तोंड वाकडं केलं. "आक्का, हितं माझ्या हातात काय न्हाई. अंगातलं रगत संपत आलंय. मलकापूरला डॉक्टर पल्लवी हायत, त्यांच्याकडं रगत तपासायचं मशीन हाय, सगळं हाय. लगेच न्या. आन् एखादा दणकट, तरणा कुत्रा संगं न्या, रगत द्यायची पाळी यील."

"कुत्र्याला रगत?" आक्कांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कुत्र्याला कुत्र्याचं. उशीर करू नका."

पाटापलीकडचे शेजारी हंबीरराव तोवर बोलेरो घेऊन दारात आले होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, मिशीला अजून शिस्त असलेला माणूस. त्यांच्या कारवानी कुत्र्याचं नाव मेजर. उभ्या नोकरीत एकाही मेजरला 'बस' म्हणायची संधी मिळाली नाही, ती हौस ते आता भागवत होते. बांधापलीकडून रोज आक्कांना बघून शेपूट हलवणारा तो हाच.

"दणकट कुत्रा कशाला हुडकाय पायजे? मेजर हाय की," हंबीरराव म्हणाले. "ड्यूटी लागली तर जवान मागं सरत न्हाई. चला आक्का, बसा."

बिस्कुटाला गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं. आक्का त्याच्याजवळ बसल्या. मेजर पुढच्या सीटवर ताठ, काचेबाहेर नजर लावून, अगदी नावासारखा.

पेठ नाक्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांनी वाट अडवली. एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, त्या डुलत डुलत पुढं चाललेल्या, आणि मागं हंबीररावांचा हॉर्न. आक्कांचा हात बिस्कुटाच्या बरगड्यांवर होता. बरगडी वर यायची, खाली जायची, मग मध्येच थांबायची. ती थांबली की आक्कांचाही श्वास थांबायचा. ओठांवर णमोकार चालू होता, पण मन त्यात नव्हतं. मन म्हणत होतं, हे बघ बाबा, तू जाऊ नको, मी परत त्या घरात एकटी न्हाई ऱ्हायची.

महामार्गाला लागल्यावर उजव्या हाताच्या रानात मेंढरं दिसली.

"कोंडीबाची मेंढरंबी अशीच," हंबीरराव आक्कांना जरा बोलतं करावं म्हणून म्हणाले. "माणचा धनगर. दरसाल खाली उतरतो. गेल्या म्हैन्यात माझ्या रानात बसवली व्हती मेंढरं खतासाठी. आता नदीकाठाला मलकापूरपतूर गेला आसंल. लय चांगला गडी."

आक्कांना मेंढरं दिसलीही नाहीत.

मलकापूर जवळ आलं आणि पुलाच्या कामापाशी गाड्या तटल्या. पुढं ट्रक, मागं एसटी, बाजूला खणलेला रस्ता. हंबीरराव खाली उतरून रहदारीच्या पोलिसाशी लष्करी आवाजात बोलले, पण पोलीस तरी काय करणार. बिस्कुटाची जीभ बाहेर आली, तीही पांढरी. आक्कांनी पदराचं टोक पाण्यात भिजवून त्याच्या तोंडात पिळलं. त्यानं गिळलं नाही, पाणी गोधडीवर ओघळलं. तेव्हा आक्का मोठ्यानं ओरडल्या, "आवं, काडा की गाडी! मरंल ह्यो!" अण्णांच्या वेळीसुद्धा त्या अशा ओरडल्या नव्हत्या.

कशीबशी वाट मिळाली. दवाखाना महामार्गाला लागून होता. आत शिरताच फिनेलचा आणि औषधाचा वास आला, अण्णांच्या शेवटच्या दिवसांत सांगलीच्या दवाखान्यात यायचा तसाच, आणि आक्कांना क्षणभर भिंतीला धरून उभं राहावं लागलं. काचेच्या पेटीत एक मांजर ऑक्सिजनवर होतं. कुणीतरी बिस्कुटाला उचलून टेबलावर घेतलं. डॉक्टर पल्लवी म्हणजे तिशीची, केस वर बांधलेली, भराभर बोलणारी बाई. पण हात मात्र सावकाश चालणारे. त्यांनी पायाची शीर शोधली, रक्त घेतलं. ते रक्त नळीत पाण्यासारखं पातळ दिसत होतं. थोडं मशीनमध्ये गेलं, एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली. पोटावर जेल लावून सोनोग्राफीही झाली. पडद्यावर राखी ढगांसारखं काहीतरी हललं.

"प्लीहा सुजलीय," डॉक्टर म्हणाल्या, आणि काचेची पट्टी दाखवायला त्यांनी आक्कांना बोलावलं. पडद्यावर तांबडे गोल गोल ठिपके होते आणि त्यांतल्या काहींच्या आत जोडीजोडीनं बसलेले जांभळे टिपूस. "आजी, हे जंतू. तांबड्या पेशीत शिरतात आणि ती फोडतात. गोचीडताप. याच्या रक्तात चाळीस टक्के पेशी हव्यात, अकराच उरल्यात. औषध देते, त्यानं जंतू मरतील. पण औषध लागू पडेपर्यंत हा जगायला हवा. त्यासाठी रक्त पाहिजे. आजच, जितक्या लवकर होईल तितकं बरं."

"त्ये जंतूबी मारायचे?" आक्कांच्या तोंडून गेलं.

डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलं. चेष्टा नाही हे लक्षात आलं असावं. "ते नाही मेले तर हा मरेल, आजी."

आक्कांनी बिस्कुटाकडं बघितलं. "मारा," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं.

"गोचीड होते का अंगावर?"

"व्हते की. मी रोज काडत व्हते. एकबी ठेवत न्हव्हते."

"काढून त्यांचं काय करत होता?"

"लांब नेऊन सोडायची. गवतात."

"जिवंत?" डॉक्टरांचा हात थांबला. मग त्या नीट, शब्द तोलून बोलल्या. रक्त पिऊन फुगलेली एक मादी गवतात पडली की हजारांनी अंडी घालते. पिल्लं गवताच्या पात्यावर चढून बसतात, जवळून जाईल त्या जनावराला चिकटतात, आणि आईच्या अंगातला रोग त्यांच्यातही असू शकतो. डॉक्टर रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर आक्कांना सोपं गेलं असतं.

हंबीरराव तेव्हा बाहेर मेजरला पाणी पाजत होते. त्यांनी हे ऐकलं नाही.

मेजरला आत घेतलं. त्याच्या पायातूनही रक्त काढलं. बिस्कुटाच्या रक्ताशी ते जुळतं का बघितलं, तर छान जुळलं. आक्कांचा जीव भांड्यात पडला. हंबीररावांनी मेजरच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास रं गड्या!" पण देणाऱ्या कुत्र्याचं रक्त आधी तपासायचं असा दवाखान्याचा शिरस्ता होता. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या.

"याचं रक्त नाही घेता येणार," त्या सरळ होत म्हणाल्या. "याच्यातही तेच आहे. अजून ताप आलेला नाही, पण आहे."

"शक्यच न्हाई," हंबीरराव उसळले. "माझ्या कुत्र्याला गोचीड? आवं, आठवड्याला साबणानं धुतो मी त्येला. उन्हाळ्यापतूर एक गोचीड दाखवा म्हनलं तर दिसायचा न्हाई!"

डॉक्टरांनी मेजरचा कान उलटा केला. आतल्या घडीत मसुराएवढे तीन बसले होते.

हंबीरराव बघतच राहिले. आक्कांनीही बघितलं. उन्हाळ्यात चोरांनी बोअरची केबल कापून नेली, तेव्हापासून हंबीरराव मेजरला बोअरपाशी बांधत होते. बोअर करंजामागच्या बांधाला लागून. हे आक्कांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? रोज सकाळी त्या तिथंच तर त्याला भाकरी टाकत होत्या. एवढासा जीव, बांध कुठं ओलांडतोय, असं त्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर असं वाटायचंही नाही. डबी झटकली की त्यांचा विचार तिथंच संपायचा. त्या एका हातानं गोचीड सोडत होत्या आणि दुसऱ्या हातानं भाकरी देत होत्या.

"आता?" हंबीररावांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर फोन लावत होत्या. दवाखान्याच्या माहितीतले रक्त देणारे दोन कुत्रे होते. एकाचं रक्त नुकतंच घेतलं होतं. दुसऱ्याचा मालक फोन उचलेना. "तुमच्या ओळखीत इथं जवळपास कुणाकडे मोठा कुत्रा आहे? तब्येतीनं चांगला?"

"कोंडीबाकडं हाय, धनगराचा. नदीकाठालाच उतरलाय," हंबीरराव बोलून गेले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. "आत्ता ध्येनात आलं! त्येच्याच मेंढरांनी आणलं गोचीड माझ्या रानात. म्हनूनच म्हनलं उन्हाळ्यापतूर काय नव्हतं. मी त्येला भावासारखा धरला, घरचं जेवण दिलं, आन् ह्येनं माझा कुत्रा बाटवला. थांबा, त्येची आयमाय काडतो आता." त्यांनी खिशातून फोन काढला आणि नाव शोधायला लागले.

आक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. टेबलावर बिस्कुटाचं पोट भात्यासारखं हलत होतं. त्यांच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी लख्ख दिसल्या. गप्प बसलं तर हंबीरराव कोंडीबाला शिव्या घालतील, आणि मग कुठला कुत्रा नि कुठलं रक्त. खरं सांगितलं तर हंबीरराव आपल्याला टाकून जातील, आणि कोंडीबाचा नंबर फक्त त्यांच्याकडं. दोन्हीकडून बिस्कूट मरतो. मग निदान एका निरपराध माणसाच्या नावानं तरी मरायला नको.

"हंबीरभाऊ, फोन ठिवा," त्या म्हणाल्या.

"थांबा आक्का, वाजतोय."

"ठिवा म्हनते न्हवं!" आक्कांचा आवाज इतका चढला की काचेच्या पेटीतलं मांजर दचकलं. "कोंडीबाचा काय बी दोष न्हाई. गोचीड मी सोडलं."

हंबीररावांनी फोन कानापासून खाली घेतला. फोनमधून बारीक आवाजात "हॅलो, हॅलो" येत राहिलं.

"काय सोडलं?"

"बिस्कुटाच्या अंगावरचं गोचीड. डबीत घालून. करंजाखाली न्हेऊन सोडत व्हते. रोज सकाळी."

"करंजाखाली," हंबीरराव म्हणाले. त्यांना ते समजायला वेळ लागला. "म्हंजे माझ्या मेजरच्या उशाला."

"व्हय."

"मारलं का न्हाई?"

"माझा नियम हाय."

हंबीररावांच्या मिशीचं टोक थरथरलं. रणगाड्यावर बसलेला माणूस, त्यांच्या डोळ्यांत पाणी यावं हे आक्कांनी कधी बघितलं नव्हतं. "तुमाला बघून शेपूट हलवायचा, आक्का त्यो," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, वळले आणि बाहेर गेले. बोलेरो चालू झाल्याचा आवाज आला. मग तोही गेला.

आक्का बाकावर बसल्या. डॉक्टर मेजरला औषधाचं इंजेक्शन देत होत्या, तो मुकाट्यानं घेत होता, फक्त दाराकडं बघत होता. मालक त्याला तसाच ठेवून गेले होते. अतिशयचा फोन आला, तो पुण्याहून निघाला होता, 'आई, रडू नको' म्हणत होता. आक्का रडत नव्हत्या. आटून तळ दिसणाऱ्या चहाच्या भांड्यासारख्या त्या झाल्या होत्या. डॉक्टर मधूनच येऊन बिस्कुटाची नाडी बघायच्या, ऑक्सिजनची नळी नीट करायच्या, त्या दुसऱ्या मालकाला पुन्हा फोन लावायच्या. फोन वाजत राहायचा. एकदा त्यांनी बिस्कुटाच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. आक्कांनी विचारलं नाही. विचारण्याचा हक्कच आपला गेला, असं त्यांना वाटलं.

मग बाहेर गाडी थांबली. दार ढकलून आधी मेंढरांचा उग्र वास आत आला, त्यामागून एक थोराड, झुबकेदार शेपटीचा कुत्रा, त्याच्या गळ्यातली दोरी धरलेला पागोटेवाला कोंडीबा, आणि सगळ्यात शेवटी हंबीरराव. ते आक्कांकडं न बघता भिंतीपाशी उभे राहिले.

"ह्येचं नाव लांडग्या," कोंडीबानं डॉक्टरांना सांगितलं. "लांडग्याला भ्या वाटावं म्हनून ठिवलंय. रगत काडल्यावर मरणार न्हाई न्हवं?"

"नाही मरणार. पण आधी तपासायला हवं."

"तपासा की. मेंढरांना गोचिडाच्या औषधात बुडवून काडतो तवा ह्यालाबी बुडवून काडतो. लय बोंबलतो, पर सोडत न्हाई."

पुन्हा शीर, पुन्हा काचेवर थेंब, पुन्हा डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. खोलीत कुणी हललं नाही. कोंडीबासुद्धा तंबाखूचा हात तसाच धरून उभा राहिला. आक्कांनी डोळे मिटले.

"स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाल्या. थोड्या वेळानं, "जुळतंयही."

लांडग्याच्या मानेवरचे केस कापले, कोंडीबानं त्याचं डोकं काखेत धरलं आणि त्याच्या कानाशी तोंडानं टकटक असा आवाज करत राहिला, मेंढरं वळवताना करतात तसा. पिशवी हळूहळू भरत गेली. मग ती बिस्कुटाच्या वर टांगली गेली आणि थेंब थेंब नळीतून उतरायला लागलं. पहिला काही वेळ धोक्याचा, अंगावर पित्ताच्या गांधी उठू शकतात, श्वास अडकू शकतो, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आक्कांनी बिस्कुटाचा कान हातात धरला. रोज उलटा करून बघायच्या तोच कान, बर्फासारखा गार. त्या त्यात बोट फिरवत राहिल्या. गोचीड नव्हता. एकही नव्हता, त्यांचं काम किती चोख!

उन्हं कलली, मग गेली. कोंडीबानं पुड्यातला पाव पुढं केला, आक्कांनी मानेनं नको म्हटलं. सकाळच्या चहानंतर पोटात पाण्याचा घोट नव्हता आणि आता तर दिवस मावळला होता, म्हणजे सकाळपर्यंत नाहीच. पिशवी रिकामी होत आली तेव्हा त्यांना वाटलं, कान तितका गार नाही. आपलाच हात गरम असेल. त्यांनी भीत भीत ओठ उचलला. हिरडी गुलाबी नव्हती, पण चुना पुसला गेला होता. बिस्कुटानं डोळा उघडला आणि शेपटी टेबलावर एकदा आपटली. तेव्हा मात्र आक्का रडल्या. सगळ्यांच्या देखत, तोंडाला पदर न लावता, घळाघळा रडल्या.

बिस्कुटाला दवाखान्यात ठेवून घेतलं. अतिशय पोहोचला, तो तिथं थांबला. कोंडीबाला त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर सोडून हंबीरराव आक्कांना घेऊन परत निघाले. मागच्या सीटवर मेजर झोपला होता. पेठ नाका आला.

"मी गाडी चालू केली ती घरला जायाला केली व्हती," हंबीरराव एकदम म्हणाले. "खोटं कशाला बोलू, रागात मेजरचंबी भान न्हाई ऱ्हायलं. पुलापाशी अडाकलो. फोन हातात व्हता, त्येच्यावर कोंडीबाचा फोन परत आला. 'काय काम व्हतं, पाव्हणं?' म्हनला. आता शिव्या घालायला फोन केलावता म्हनून सांगू? तुमी गप बसला असता तर घातल्याबी असत्या. आन् मग त्यो जलमात माझ्या रानात आला नसता."

"मेजर बरा हुईल न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"डॉक्टर म्हनल्या हुईल. लवकर सापडलं म्हनून." मग गिअर बदलत ते म्हणाले, "राग गेल्याला न्हाई आक्का. त्यो जाईल तवा जाईल."

बिस्कूट घरी आला तो बरगड्या मोजून घ्याव्यात असा होऊन. त्या सकाळी आक्कांनी कपाटातली गोळी काढली, भाकरीच्या तुकड्यात गूळ लावून कोंबली आणि त्याच्या तोंडात दिली. त्यानं ती चावलीसुद्धा नाही, गटकन गिळली आणि आणखी आहे का म्हणून हात चाटला.

मग त्या पाट ओलांडून करंजाकडं गेल्या. हंबीरराव पाठीवर फवारणीचा पंप घेऊन उभे होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की झाडाखालचं गवत कापून जाळा, जमिनीला नि बांधाच्या फटींना औषध मारा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. गवत कापून झालं होतं. उघड्या पडलेल्या मातीत बारीक तांबूस ठिपके चालताना दिसत होते. आक्कांना चष्म्याशिवायही दिसले.

"तुमी हितं कशाला आलासा?" हंबीरराव म्हणाले. आवाजातली धार कमी झाली होती, गेली नव्हती. "घराकडं जावा, पाठ करून बसा. मी मारतो. पाप माझ्या डोस्क्यावर, फौजेत काय कमी केलंय?"

"पंप हिकडं द्या."

"आक्का, तुमचा नियम..."

"नियम मोडला म्हनून महाराजांना जाऊन सांगणार हाय मी. देतील त्ये प्रायश्चित्त घीन." आक्कांनी पदर कमरेला खोचला. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. "आजवर पुण्य माझं आन् रगत मेजरचं, असं चाललं भाऊ. आता पाप तरी माझं मला घिऊ द्या."

हंबीररावांनी पंप उतरवला आणि त्यांच्या पाठीवर चढवला, पट्टे त्यांच्या मापानं आवळले. ओझं जड होतं, आक्का जरा वाकल्या. मग एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात नळी धरून, मोठ्यानं त्या जिवांची क्षमा मागत, त्यांनी बुंध्यापासून फवारायला सुरुवात केली.